वय अडतीस, स्टेज चार : आकडा नक्की कुणाचा?

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या भाच्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचं नुकतंच कळलं. यकृतातही गाठी आहेत, म्हणजे चौथी स्टेज. भाचीने मोबाइलवर त्याचं वय, स्टेज वगैरे भरून पाहिलं, तर पाच वर्षं जगण्याची शक्यता '१५ टक्के' अशी आली. घरात रडारड झाली. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात, 'तरुण आहे, निभावून नेईल.' शेजारी म्हणतात, 'तरुणपणातला कॅन्सर भराभर पसरतो.' यातलं खरं कोणतं? आणि माणूस किती जगणार हे यंत्राला कळतं तरी कसं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, म्हणजे बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच सुटतील. यंत्राला तुमच्या भाच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याच्यासारखे जे लोक पूर्वी आजारी पडले, त्यांचं पुढे काय झालं याच्या नोंदी त्याच्या पोटात असतात. त्या नोंदींवरून ते एक प्रमाण काढतं आणि तुमच्यापुढे ठेवतं. आता 'त्याच्यासारखे' म्हणून कुणाकुणाला धरायचं, खरी मेख तिथे आहे.

तो १५ टक्क्यांचा आकडा बहुधा अमेरिकेतून आलेला आहे. तिथे 'सीअर' नावाचा सरकारी उपक्रम १९७३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवतो. त्यातून दिसतं ते असं : मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग जागच्या जागी असताना सापडला, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असतं. तो शेजारच्या लसिका ग्रंथींपर्यंत गेला असेल तर ७० टक्क्यांहून थोडं जास्त, आणि यकृत, फुप्फुस अशा दूरच्या अवयवांत पोचला असेल तर १५ टक्क्यांच्या आसपास. आकडा खोटा नाही. पण तो कुणाचा आहे ते पाहा. पाच वर्षं कोण जगलं हे मोजायचं, तर निदान होऊन किमान पाच वर्षं उलटलेली असावी लागतात. म्हणजे त्यात आजची औषधं न मिळालेले बरेच लोक आले. शिवाय त्यात ऐंशी वर्षांच्या आजी आहेत, हृदय कमकुवत असल्याने केमो न झेपलेले आजोबा आहेत, एकच लहानशी गाठ असलेला माणूस आहे आणि पोटभर रोग पसरलेलाही आहे. एवढ्या सगळ्यांचं मिळून ते १५ टक्के. वय हा रकाना तुम्ही भरलात खरा, पण साध्या गणकयंत्रांत त्याने उत्तर फारसं हलत नाही.

दुसरा आकडा तुमच्या कानावर लवकरच येईल : मध्यक. सगळ्या रुग्णांना किती काळ जगले या क्रमाने उभं केलं, की बरोबर मधला माणूस जितका जगला तो मध्यक. तो २६ महिने असेल, तर निम्मे लोक त्याच्या आत गेले आणि निम्मे त्याच्या पुढे जगले, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ घरांत मात्र तो मुदत संपण्याच्या तारखेसारखा ऐकला जातो आणि कॅलेंडरवर खूण होते. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाला १९८२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला. त्याने पुस्तकं उघडली तर मध्यक निघाला आठ महिने. गूल्डला संख्याशास्त्र येत होतं, त्यामुळे घाबरण्याआधी त्याने पुढचा प्रश्न विचारला : मधल्या माणसाच्या पलीकडचे निम्मे लोक किती लांबवर पसरलेले आहेत? अलीकडची बाजू शून्यापाशी अडते, पलीकडची मात्र वर्षानुवर्षं लांबू शकते. यावर त्याने १९८५ मध्ये निबंध लिहिला, तो गाजला. गूल्ड पुढे २००२ मध्ये गेला, तोही वेगळ्याच कर्करोगाने.

ही गोष्ट सांगताना लोक फार खुशीत येतात, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. 'ब्लॅक पँथर'मध्ये नायक झालेला चॅडविक बोसमन याला २०१६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा स्टेज तिसरी होती. ती पुढे चौथी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये, ४३व्या वर्षी, तो गेला. पैसा, उपचार, तारुण्य, कशाचीच कमतरता नव्हती. एकाच्या गोष्टीवरून दुसऱ्याचं भाकीत करता येत नाही, मग ती गोष्ट धीर देणारी असो की घाबरवणारी.

बरं, मग 'त्याच्यासारखे' लोक अधिक नेमके कसे निवडायचे? १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने एक पद्धत मांडली. अनेक गोष्टी एकाच वेळी जगण्यावर परिणाम करत असतील, तर प्रत्येकीचा वाटा वेगळा काढता येतो. त्यावरून डॉक्टर मंडळी नोमोग्राम नावाचा तक्ता बनवतात. लग्न जमवताना पत्रिकेतले गुण मांडतात ना, तसाच प्रकार : गाठींच्या संख्येचे इतके, रक्तातल्या अमुक घटकाचे तितके, बेरीज करा आणि खालच्या पट्टीवर शक्यता वाचा. फरक इतकाच, की इथले गुण हजारो रुग्णांचा पुढचा प्रवास पाहून ठरवलेले असतात आणि ते चुकले तर ते शोधून काढायची रीतही असते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या शल्यविशारदांनी १९९९ मध्ये असाच एक साधा हिशेब मांडला. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरल्यावर तिथल्या गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या १,००१ रुग्णांचा तो अभ्यास होता. त्यांनी पाच गोष्टी पाहिल्या आणि प्रतिकूल असेल तिला एकेक गुण दिला. आतड्याजवळच्या लसिका ग्रंथींत रोग होता का, यकृतातली गाठ आतड्यातल्या रोगानंतर वर्षाच्या आतच दिसली का, गाठी एकाहून जास्त का, सर्वांत मोठी पाच सेंटिमीटरहून मोठी का, आणि सीईए हे रक्तातलं प्रथिन २०० च्या वर का. एकही गुण न मिळालेल्यांत पाच वर्षांनी ६० टक्के हयात होते, पाचही मिळालेल्यांत १४ टक्के. सर्वांचं मिळून प्रमाण होतं ३७ टक्के. हे सगळे रोग यकृतात पोचलेलेच रुग्ण होते, तरी १५ च्या जागी ३७. शस्त्रक्रियेला योग्य म्हणून आधीच निवडलेले लोक असल्याने आकडा वर जाणारच, हे धरूनही, 'चौथी स्टेज' या एका शिक्क्याखाली किती वेगवेगळी माणसं कोंबलेली असतात ते यातून दिसतं. आणि त्या पाच गोष्टींत वय नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

असा तक्ता चांगला की वाईट हे दोन परीक्षांवर ठरतं. पहिली : कुठलेही दोन रुग्ण घेतले तर त्यातला कोण जास्त जगेल हे तो बरोबर ओळखतो का? नाणं उडवून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येतंच, त्यामुळे ०.५ म्हणजे नापास आणि १ म्हणजे सर्वज्ञ. कर्करोगाचे बहुतेक नोमोग्राम ०.७ च्या आसपास घुटमळतात. दहापैकी तीन जोड्यांत त्यांचं उत्तर उलटं येतं. दुसरी परीक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या शंभर जणांना त्याने '४० टक्के' सांगितलं, त्यांतले खरोखर चाळीसच्या आसपास जगले का? ही परीक्षा तक्ता ज्या गावात जन्मला तिथे सोपी जाते. दुसऱ्या देशात, दुसऱ्या दशकात नेला की तोच तक्ता अडखळू लागतो.

आता तुमच्या घरातल्या वादाकडे वळू. अमेरिका आणि कॅनडात पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगावर एक मोठी चाचणी झाली, तिचा क्रमांक ८०४०५. तिच्यातल्या २,३२६ रुग्णांपैकी ५१४ जण पन्नाशीच्या आतले होते. त्यांची आणि पन्नाशीपुढच्यांची तुलना २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तरुणांचा मध्यक सुमारे २७ महिने, बाकीच्यांचा सुमारे २६. फरक नसल्यातच जमा. पस्तिशीच्या आतल्यांचा मध्यक २२ महिन्यांच्या आसपास होता खरा, पण ते लोक थोडे होते आणि तो फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका भक्कम ठरला नाही. थोडक्यात, तुमचे नातेवाईक डॉक्टर आणि शेजारी, दोघांनाही निम्मेच गुण.

तरी दोघांनी जे पाहिलं ते खोटं नाही. नातेवाईकांनी पाहिलेलं असं : तरुण शरीराला केमो जास्त झेपते, मधुमेह-रक्तदाबाची सोबत नसते, मोठी शस्त्रक्रिया करायला शल्यविशारद कचरत नाही. सरसकट नोंदींत तरुण पुढे दिसतात ते बऱ्याच अंशी यामुळे, कारण तिथे त्यांच्या शेजारी उपचार न झेपणारे वृद्ध उभे असतात. चाचणीत वृद्धही धडधाकट असेच निवडले जातात, म्हणून तिथे ही आघाडी विरघळते. शेजाऱ्यांनी पाहिलेलं असं : तरुणांत निदानच उशिरा होतं. शौचावाटे रक्त गेलं की पस्तिशीच्या माणसाला सगळे मूळव्याध म्हणून मोकळे होतात, रुग्ण स्वतःसुद्धा. मलमं, लेप, तिखट बंद, यात महिने जातात. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली आडदांड दिसणाऱ्या, झपाट्याने पसरणाऱ्या पेशींचे प्रकार तरुणांत थोडे जास्त आढळतात. एक बाजू वर ढकलते, दुसरी खाली ओढते, आणि हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो.

वयाने एवढं कमी सांगितलं, तर जास्त काय सांगतं? पहिली गोष्ट, रोग कुठे आहे. फक्त यकृतात आहे आणि काढण्याजोगा आहे, की पोटाच्या आवरणावर विखुरला आहे? दुसरी, आतड्याची कोणती बाजू. गर्भात मोठ्या आतड्याचा उजवा भाग आणि डावा भाग दोन निरनिराळ्या तुकड्यांपासून घडतात, आणि त्यांतले कर्करोगही वेगळे वागतात. त्याच ८०४०५ चाचणीत डाव्या बाजूच्या रुग्णांचा मध्यक ३३ महिने होता, उजव्या बाजूच्यांचा १९. वयाने एका महिन्याचा फरक पडला होता. बाजूने चौदा महिन्यांचा. तरुणांत हा रोग डाव्या बाजूला आणि गुदाशयात जास्त आढळतो, ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

तिसरी गोष्ट गाठीची जनुकं, आणि आज सर्वांत जास्त फरक तिथेच पडतो. सुमारे निम्म्या गाठींत रॅस जनुकांत बिघाड असतो. त्यांना सेटुक्सिमॅबसारखी औषधं लागू पडत नाहीत. दहांतल्या एकाहून थोड्या कमी रुग्णांत बीरॅफ जनुकाचा एक विशिष्ट बिघाड सापडतो. तो फार वाईट मानला जाई, आणि होताही. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या बिघाडावर नेमकं काम करणारी औषधं केमोसोबत सुरुवातीपासून दिली, तेव्हा मध्यक १५ महिन्यांवरून ३० वर गेला. २०२० पूर्वीच्या नोंदींवर बनलेल्या गणकयंत्राला हे कुठून माहीत असणार? चौथ्या स्टेजच्या शंभरातल्या चार-पाच जणांत गाठीची डीएनए दुरुस्तीची यंत्रणाच बंद पडलेली असते; अहवालात तिला 'एमएसआय हाय' म्हणतात. अशांना केमोऐवजी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध दिलं, तेव्हा रोग पुन्हा वाढू लागेपर्यंतचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. सीअरच्या नोंदींवरून तरुणांसाठी खास नोमोग्राम बनवलेले आहेत, पण या जनुकांची माहिती त्या नोंदींत बहुतांशी नाही, आणि केमो दिली की नाही एवढंच कळतं. कोणती, किती, ते नाही. भाच्याच्या फाइलमध्ये रॅस, बीरॅफ आणि एमएसआय या तीन तपासण्यांचे अहवाल आहेत का ते आधी पाहा. नसतील तर तो प्रश्न टक्क्यांच्या प्रश्नाआधी विचारायचा.

'मग डॉक्टर स्वतः आकडा का सांगत नाहीत?' हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल. शिकागोच्या डॉक्टरांनी शेवटच्या टप्प्यातल्या ४६८ रुग्णांबद्दल केलेले अंदाज २००० मध्ये तपासले गेले. बरोबर निघाले फक्त २० टक्के. ६३ टक्के अंदाज वास्तवापेक्षा आशावादी होते, आणि रुग्णाशी ओळख जितकी जुनी तितकी चूक जास्त. तेव्हा गप्प बसणारा डॉक्टर टाळाटाळच करत असेल असं नाही. त्याला एक आकडा विचारण्यापेक्षा पल्ला विचारा. ऑस्ट्रेलियातल्या कर्करोगतज्ज्ञांनी यासाठी एक सोपा आडाखा दिला आहे : मध्यकाच्या निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात साधारण निम्मे रुग्ण येतात, आणि दहांतला एखादा मध्यकाच्या तिपटीलाही ओलांडतो. मध्यक २६ महिने धरला तर निम्म्या लोकांसाठी पल्ला १३ महिने ते सव्वाचार वर्षं असा येतो, आणि दहांतला एक साडेसहा वर्षांच्या पुढे जातो. पल्ला रुंद आहे. जे माहीत आहे ते एवढंच रुंद आहे.

शिवाय पहिल्या दिवशीचा आकडा शिळा होत जातो. दोन वर्षं तब्येत राखून काढलेल्या माणसाला निदानाच्या दिवशीचे टक्के लावणं चूक. त्याची तुलना आता दोन वर्षं काढलेल्यांशीच करायची, आणि ते प्रमाण सहसा वर गेलेलं असतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या केमोनंतर गाठी आटल्या की नाही, यावरूनही पुष्कळ कळतं. यकृतापुरत्याच पण काढता न येणाऱ्या गाठी केमोने दीर्घकाळ आटोक्यात राहिल्या, तर काही मोजक्या रुग्णांत यकृत प्रत्यारोपणाचा विचार आता होऊ लागला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत प्रत्यारोपणाच्या गटात पाच वर्षांनी ५७ टक्के हयात होते, नुसत्या केमोच्या गटात १३ टक्के. निवड इतकी कडक होती की हा आकडा उराशी धरण्याजोगा नाही, पण काल अशक्य असलेल्या गोष्टी तक्त्यात कशा नसतात ते यातून समजतं.

आपल्याकडच्या नोंदींविषयी थोडं. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली, ती देशातली पहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये ग्रामीण भागातली पहिली. आपल्याकडे हा कर्करोग अमेरिकेपेक्षा पुष्कळ कमी लोकांना होतो, पण झालेल्यांत तरुणांचा वाटा मोठा दिसतो. टाटा रुग्णालयाच्या रुग्णांत 'सिग्नेट रिंग' पेशींचा वाईट समजला जाणारा प्रकारही पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळला आहे. वर औषध परवडणं, मध्येच केमो सोडणं, सांगलीहून मुंबईच्या फेऱ्या. यांतला एकही रकाना अमेरिकेच्या तक्त्यात नाही.

आता एक गोष्ट तुम्ही न विचारलेली, आणि ती थेट तुमच्याशी संबंधित आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पन्नाशीच्या आतल्या ४५० रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा १६ टक्क्यांत जन्मजात, घराण्यातून आलेला बिघाड सापडला. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांत लिंच सिंड्रोम नावाचा बिघाड होता. भाच्याची गाठ 'एमएसआय हाय' निघाली तर ही शक्यता आणखी वाढते, आणि तशी निघाली नाही तरी या वयात रक्ताची जनुकीय तपासणी करून घ्यावी. त्याच्यात लिंचचा बिघाड सापडला तर त्याच्या भावंडांपैकी प्रत्येकात तो असण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्यात सापडेल त्यांनी विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घ्यायची असते. गाठ कर्करोगाची होण्याआधीच काढता येते. आणि तो बिघाड त्याच्याकडे आईकडून, म्हणजे तुमच्या बहिणीकडून आला असेल, तर तुमच्यातही तो असण्याची शक्यता जवळपास तितकीच. पुढच्या भेटीला स्वतः जा, मोबाइलवर माहिती भरणाऱ्या भाचीलाही सोबत न्या आणि हा विषय डॉक्टरांपुढे तुम्हीच काढा.